आगीच्या मंडळातली आक्का

आक्का भेटली की आधी मूठ पुढे करायची. मुठीत वाळलेलं गवत असायचं. ते समोरच्याच्या कानाशी नेऊन ती चुरडायची आणि विचारायची, "ऐकलं का? वाजाय लागलं." म्हणजे बांध, माळ, डोंगर सगळं पेटायला टेकलंय आणि तुम्ही अजून तिच्या मंडळात नाही, असं समजायचं.

अहमदपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला माझं चार एकर रान आहे. मी लातूरला कॉलेजात शिकवतो आणि फक्त रविवारी तिकडे जातो, त्यामुळे गावाच्या लेखी मी पाहुणाच. आक्काचं दोन एकर माझ्या बांधाला लागून. तिची नोकरी अंगणवाडीत मदतनिसाची झाली. गावातल्या निम्म्या बाप्यांची नाकं तिनं पुसलेली. त्यामुळे सरपंचालाही ती अरे-तुरे करायची आणि तो मान खाली घालून ऐकायचा. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मंडळाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, गाव त्याला आगीचं मंडळ म्हणायचं. डोंगराकडेला रान असलेले वीसेक जण त्यात होते. थंडी सरली की सगळे मिळून डोंगराच्या कडेचं गवत कापून मोकळा पट्टा काढायचे, म्हणजे वरचा वणवा खाली उतरत नाही. एकट्यानं बांध पेटवायचा नाही; चौघांना बोलवायचं आणि सकाळी वारं सुटायच्या आत उरकायचं. कुठंही धूर दिसला की फवारणीचा पंप पाण्यानं भरून पाठीवर घ्यायचा आणि पळायचं.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. "आक्का, माझं रान मी सांभाळतो," असं मी ऐटीत सांगायचो.

"लातूरहून याय किती वखत लागतो, सर?"

"दीड तास."

"मग आगीला सांगून ठिवा, दीड तास थांब म्हनावं." आणि माझ्या आधी तीच खो खो हसायची.

मार्चमधल्या एका रविवारी मी अकरा वाजता रानात पोचलो. बांधावर गवत माजलं होतं. संध्याकाळी लातूरला एका लग्नाला जायचं होतं. चौघांना कोण बोलावत बसणार, असा विचार करून मी काडी ओढली. दहा मिनिटांत वारं उठलं आणि आग बांध सोडून पसरली. एक जीभ माझ्या आंब्यांकडे निघाली, दुसरी आक्काच्या कडब्याच्या गंजीकडे. मी अंगातला शर्ट काढून झोडपत सुटलो. त्यानं काय होणार!

पंप घेऊन पहिली आक्काच आली, मागून आणखी पाच जण. सहा पंपांत दोन्हीकडे पुरं पडणार नव्हतं. तिनं एकदा स्वतःच्या गंजीकडे पाहिलं. दोन म्हशींची पावसाळ्यापर्यंतची वैरण होती ती.

"आंब्याकडं पळा रे!" ती ओरडली. "कडबा फुडल्या साली येतो. झाड येतंय व्हय फुडल्या साली?"

आंबे वाचले. गंजीची राख झाली.

सगळे दम खात बसले, तेव्हा कुणीतरी विचारलंच, "लावली कुनी?" काडेपेटी माझ्या मुठीत होती. आक्कानं माझ्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी पानी प्या समदे." विषय तिथंच संपला.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या प्रत्येकानं पेंढ्या आणून टाकल्या आणि आक्काच्या दारात नवी गंजी उभी राहिली. मीही ट्रॉलीभर कडबा विकत घेऊन पाठवला. "लई झाला की ओ," एवढंच ती म्हणाली. त्याच दिवशी मी मंडळात नाव घातलं.

त्यानंतर सहा वर्षं मी तिच्या शेजारी गवत कापलं. तिच्या म्हशी, माझा रक्तदाब, कॉलेजातली भांडणं, आम्ही काय काय बोललो. ती एक गोष्ट मात्र दर रविवारी ओठांवर यायची आणि परत जायची. मला लाज वाटायची, दुसरं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात आक्का चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला मंडळ झाडून आलं होतं. वंदना झाली, दोघंचौघं बोलले. मग मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्या दिवशीची आग मी लावली होती."

कुणी दचकलं नाही. मंडळातले किराणा दुकानवाले अप्पा हळूच म्हणाले, "बसा सर. आमाला त्याच सांजंला ठाव झालं हुतं. आक्कानं दम दिलता समद्यांना. सरला कुनी टोकायचं न्हाई म्हनली, त्यो आपल्या तोंडानं मला सांगंल."

मी खाली बसलो. सहा वर्षं ती माझ्या शेजारी गवत कापत वाट पाहत होती, आणि मी तिला म्हशींच्या दुधाचं विचारत राहिलो.