उरलेले पाइप

मंगळवारी सकाळी अकरा वाजता बोअरचं मशीन सातशे फुटांवर थांबलं. पुढचे पाइप जमिनीवर होते आणि त्यांच्यावर सरूमावशी बसल्या होत्या. शेजारच्या आडावर त्यांची सगळी वस्ती पाणी भरते.

"उठा मावशी. खालचं पाणी हजारो वर्षांपासूनचं आहे, तुमच्या आडाचं नाही," मशीनवाला म्हणाला.

"मागच्या बोअरलाही हेच म्हणालास, अन् आड निम्म्यावर आला. हजारो वर्षांचं दोन उन्हाळ्यांत उपसशील. मग परत कोण भरंल, तुझा बा?"

बघायला जमलेले आम्ही सगळे हसलो. मी आभाळाकडे पाहिलं. आमचा पाऊस आडापर्यंत कसाबसा पोचतो. सातशे फुटांचा पत्ता त्याला ठाऊक नाही.

चार वाजता मशीनवाल्याने नुसतंच चालू ठेवलेलं इंजिनही बंद केलं. मावशींनी जेवणाचा डबा पाइपांवरच उघडला.