दफनाच्या वेळी वाचलेलं प्रेमगीत

कोथरूडहून सायकलने येऊन मास्तर आमच्या चर्चमध्ये मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या भाविकांच्या, मुलांना बायबल शिकवत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत चष्मा पुसायचे आणि मग एकाच वाक्यात उत्तर द्यायचे.

बायकोच्या दफनाच्या वेळी त्यांनी बायबलातलं प्रेमगीत वाचायला घेतलं. चर्चच्या पाळकांनी अडवलं, "मास्तर, हे ख्रिस्ताचं मंडळीवरचं प्रेम आहे, नवराबायकोचं नव्हे!"

चष्मा पुसून मास्तर म्हणाले, "मंडळी पुढच्या रविवारीही ऐकेल, पाळकसाहेब, हिला आजच ऐकवायचंय." आणि त्यांनी गीत पूर्ण वाचलं.

चर्चच्या कमिटीनं त्या ओळी अश्लील ठरवल्या. बायबलातल्या ओळी अश्लील! मी कमिटीचा सेक्रेटरी होतो. 'मास्तरांनी स्वेच्छेने शिकवणं सोडलं,' असं मी इतिवृत्तात लिहिलं. ते साफ खोटं आहे. त्यांना आम्ही काढलं, आणि पहिला हात मी वर केला होता.