स्वयंपाकघरामागचा ढिगारा

खाणीच्या मोजणी खात्यात ती लागली तेव्हा खांद्यावर मोजणीच्या दुर्बिणीची तिवई टाकून कडे चढायची. आता ती उपग्रहाची चित्रं वाचते. उपग्रह ठरलेल्या फेरीला खाणीवरून जातो, रडारच्या लहरी खाली सोडतो आणि परतलेल्या टिपतो. दोन फेऱ्यांची चित्रं ताडून पाहिली की जमीन केसभर सरकली तरी कळतं. ढग असोत की अंधार, त्याचं काही अडत नाही. तिचंही कशावाचून फारसं अडत नसे.

खाणीत सगळ्यांची नजर उभ्या कड्यांवर. पण यंदा कडे जागच्या जागी होते. सरकत होता तो उपाहारगृहामागचा टाकाऊ मातीचा ढिगारा, आणि फेरीगणिक वेग वाढत होता. ती वर चढून पाहते तो काय, माथ्यावर बोट जाईल एवढी भेग. तिने व्यवस्थापकांना तिथेच नेऊन उभं केलं.

"हलवा उपाहारगृह," ते म्हणाले. "पण मालकीणबाईंना तुम्हीच सांगा."

मालकीणबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

"घरात माझे डबे कुठे ठेवायचे ते सांगतेस, तेवढं पुरेना?" सासूबाई कडाडल्या. "आता आभाळातून सांगायला लागलीस!"

"आई, भांडण घरी करू. आधी हे बघा." तिने फोन पुढे धरला. "हा लाल पट्टा तुमच्यामागचा ढिगारा. मागच्या फेरीला पिवळा होता."

सासूबाईंनी हात पुसले, चित्र पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "मला तर गप्प बसलेला दिसतोय."

"डोळ्यांना हलताना दिसेल तेव्हा पळायलाही वेळ नसेल."

संध्याकाळपर्यंत शेगड्या आणि पातेली फाटकाजवळच्या शेडमध्ये पोचली. एवढं लांब चालायचं म्हणून कामगार कुरकुरले. ती दिसली की ट्रकवाले विचारत, "काय ताई, निघाला का डोंगर फिरायला?"

"निघालाय. वाटेत उभे राहू नका म्हणजे झालं."

एका दुपारी ऐन जेवणाच्या वेळी मोठा गडगडाट झाला. धूळ बसली तेव्हा जुन्या उपाहारगृहाचं छप्पर तेवढं मातीवर दिसत होतं. शेडमध्ये सगळे हातातला घास हातातच धरून उभे. सासूबाईंनी आधी सगळी माणसं आहेत ना ते पाहिलं, मग सुनेला बाकावर बसवून ताट पुढे सरकवलं.

"जेव आधी." मग त्या ट्रकवाल्यांकडे वळल्या. "आणि माझ्या सुनेची चेष्टा यापुढे कोणी करायची नाही. तो हक्क फक्त माझा."