बाजारातली ओळख

एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला मी आणि आणखी एक जण बालाघाटच्या दवाखान्यात एकाच दिवशी जातो. बाकावर शेजारी बसून तो प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. "चहा घेता का, भाऊ? घ्या."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर मात्र आम्हा सगळ्या रुग्णांचा रिवाज एकच, कोणी कोणाला ओळखायचं नाही. तो तर इतका पक्का की बसमध्ये माझ्या शेजारी बसूनही परसवाड्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत आला.

परवा परसवाड्याच्या बाजारात मी बायकोसोबत वांगी निवडत होतो. त्यानं सरळ येऊन माझा हात धरला. माझ्या तळव्यावर तांबूस डाग होते. मला वाटत होतं, खतानं उठले असतील.

"खाजवते का? नाही खाजवत," तो हळूच म्हणाला. "माहेही असेच होते. म्या मलम लावत बसलो. सिफिलिस होय हे. आपल्यासारख्याच्या डोळ्यात लवकर चढते."

त्यानं काळा चष्मा काढला. उजवा डोळा माझ्याकडे बघत नव्हता.

"उद्याच दवाखान्यात जाजा. वहिनीचंही रक्त तपासजा."

तो निघून गेल्यावर बायकोनं विचारलं, "कोण होते हो?"

त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही.

"वळखीचे आहेत," मी म्हणालो.