सिमेंट धरेपर्यंत

पाऊल टाकण्याआधी ती अंगठ्याने जमीन घासून बघायची. उजवा पाय पुढे करायची, चपलेबाहेर आलेला अंगठा दोनदा घासायची आणि मगच अंगाचा भार टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "जमिनीला इचारून पाय टाकावा. ती खोटं बोलत न्हाई." अर्धं आयुष्य गोठ्यात काढलेल्या बाईची ही सवय. ओल्या कोब्यावरून भरलेल्या बादल्या घेऊन चालायचं म्हणजे अंगठ्यावरच भरवसा ठेवावा लागतो. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, त्यांच्या पायांकडे बहुधा पाहिलं नसेल.

तिचं नाव सांगत नाही. गावाचंही नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत. न्हावऱ्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. मी मूळची दौंडची. लग्नाआधी शाळेत शिकवत होते, त्यामुळे तिच्यासाठी मी कायमची टीचर.

आमची ओळख उपकेंद्राच्या आवारातल्या लिंबाखाली झाली. महिन्यातून एकदा तिथे बाळांना लस देतात. माझी मुलगी आणि तिची मुलगी अकरा दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि तिच्या लग्नाला सोळा. एखादी म्हातारी "लई उशिरा झालं गं तुला" असं म्हणाली, की ही शांतपणे सांगायची, "न्हावऱ्याची एसटी बी उशिराच येती मावशी. पण येती का न्हाई? आन् मग खिडकीची जागा मिळती."

ती कधी एकटी यायची नाही. कडेवर मुलगी आणि मागे बुंदी. बुंदी म्हणजे तिची पिवळट रंगाची, एक कान पडलेली कुत्री. तीही नुकतीच व्यालेली. सहा पिल्लं गोठ्यात ठेवून मालकिणीमागे लसीकरणाला यायची. सिस्टर हाकलायला आल्या, की वहिनी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या सिस्टर, ती बी बाळंतीणच हाय." डिंकाचा लाडू मोडून अर्धा तिला द्यायची आणि आम्हाला ऐकवायची, "हिला सहा झाली. गुगल केलं न्हाई, का रडली न्हाई."

हा टोमणा मला असायचा. मी सगळं मोबाईलवर बघायचे. बाळ किती तास झोपावं, शी हिरवी का, उचकी किती वेळ चालावी. लिंबाखाली दहा-बारा जणी बसायचो आणि जगातले सगळे प्रश्न तिथे निघायचे: घुटी द्यायची का नाही, टाळू भरायची का नाही, सासूने काजळ लावलं तर पुसायचं कसं. वहिनी ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "पोरगं दूध पितंय, मुततंय, हसतंय ना? मग बास की."

एकदा मी सगळ्यांना नणंदेचा व्हिडिओ दाखवला. ती कॅनडात असते. तिच्या घरासमोरच्या फुटपाथवर बर्फाची काच झालेली, आणि ही बाळाची गाडी ढकलत बदकासारखी चालत होती. लोक घसरू नयेत म्हणून तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, असं मी सांगितलं. वहिनी विचारात पडली.

"रस्त्याव मीठ? मग पोरांची दिष्ट कशानं काढत्यात?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण ती बर्फाकडेच बघत होती. म्हणाली, "आपलं हे दार तरी काय येगळं हाय?"

उपकेंद्राच्या दाराशी जायला एक उतार होता. गरोदर बायकांना पायऱ्या नकोत म्हणून केलेला, आणि त्यावर कुणीतरी हौसेने चकचकीत टाइल्स बसवलेल्या. वरच्या टाकीचं पाणी बारा महिने त्यावरून झिरपायचं आणि हिरवं शेवाळ धरायचं. वहिनी लसीच्या दिवशी घरून चुलीतली राख आणायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन उतारावर पसरायची. सिस्टरना ती घाण वाटायची. त्या पुसून घ्यायच्या, ही पुन्हा टाकायची.

माझ्या मुलीच्या दहा आठवड्यांच्या डोसला राख पुसलेली होती. मुलीला छातीशी धरून मी उतरत होते आणि दुसऱ्याच पावलाला पाय निसटला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मागून कुणीतरी माझा दंड धरला, मी त्या अंगावर पडले आणि काहीतरी कटकन वाजलं. मुलगी माझ्या हातात सुखरूप होती, झोपमोड झाली म्हणून रडत होती. वाजलं ते वहिनीचं मनगट. तिची स्वतःची मुलगी तेव्हा लिंबाखाली दुसऱ्या बाईकडे होती, हे नशीब.

"मी इचारलं हुतं जमिनीला," ती दातांवर दात दाबत म्हणाली. "तू न्हाई इचारलं, टीचर."

सहा आठवडे तिच्या हाताला प्लास्टर होतं. तिच्या दोन गाई दुसऱ्या कुणाच्या हाताने धड पान्हा सोडायच्या नाहीत. नवरा धार काढायला बसला, की गाय लाथ झाडायची आणि ही ओट्यावरून गाईलाच समजवायची. मी भेटायला गेले तर मलाच चहा दिला, डाव्या हाताने. मला तोंड वर करून बघवत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मोडलं होतं माझंच काहीतरी. मी घराबाहेर पडेनाशी झाले. ओलं अंगण दिसलं तरी मी उंबऱ्यातूनच मागे फिरायचे. मुलीला घेऊन तीन पायऱ्या उतरणंही जमेना. चौदा आठवड्यांचा डोस आला आणि मी कारण सांगून घरी बसले. पुढच्या महिन्यातही तेच. उपकेंद्राच्या आशाताई दोनदा येऊन गेल्या. मी हो म्हटलं आणि गेले नाही. पोरीचा डोस माझ्या भीतीपायी राहतोय हे मला कळत होतं, आणि त्याची लाज त्या भीतीहून मोठी होती.

वहिनीने दोष मला नाही, उताराला दिला. ती ग्रामसभेत गेली. टाइल्स काढून साधा सिमेंटचा उतार करा, असं तिने मांडलं. कुणीतरी म्हणालं, हात वर करा. गळ्यातल्या झोळीतला प्लास्टरचा हात दाखवून ती म्हणाली, "माझा महिनाभर वरच हाय." सभा हसली आणि ठराव झाला.

काम निघालं ते नेमकं लसीच्या दिवशी. त्या सकाळी तिचा फोन आला. "वर नको येऊ. खालीच बस. पण ये." मी निघाले. गेटपर्यंत पोचले आणि थांबले.

गवंड्याने पहाटेच काँक्रीट ओतलं होतं आणि आता तो मन लावून घोटत होता. गावात त्याच्या घोटाईला तोड नाही. पट्टीने पुन्हा पुन्हा हात फिरवून त्याने त्या उताराचा आरसा केला होता. बाकीच्या बायांना लस मागच्या दाराने चालली होती. वहिनी आली, प्लास्टर निघालेला, पण अजून बारीक दिसणारा हात मुलीच्या पाठीवर. तिने कडेला उभं राहून बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"हे काय केलंस रं?"

"एक नंबर झालंय वहिनी. तोंड दिसंल बघा."

"तोंड बघायला आरसा हाय माझ्या घरी."

तिने गेटपाशी येऊन मुलगी माझ्या दुसऱ्या कडेवर दिली, मागच्या बाजूचा खराटा आणला आणि काठावर उभं राहून त्या ओल्या आरशावर आडवा ओढला. एक पट्टा, दुसरा पट्टा, मग पलीकडच्या काठावरून. बारीक, खरबरीत रेघा वरपासून खालपर्यंत. तेवढ्यात बुंदीला वाटलं मालकीण बोलावते आहे, आणि ती उताराच्या वरच्या टोकावरून चार पावलं टाकून पलीकडे गेली. गवंडी डोक्याला हात लावून खाली बसला. मग त्याने सरपंचांना फोन लावला.

सरपंच आप्पा बुलेटवरून आले. रेघा बघितल्या, कुत्रीचे पाय बघितले. "उद्या तालुक्याचे साहेब बघायला येणार हायत. हे काय शेत नांगरलंय का?" गवंड्याला म्हणाले, "घोट परत. अजून ओलं हाय."

"आप्पा, एक इचारू?" वहिनी म्हणाली. "तुमच्या नव्या गोठ्यात कोबा केलाय. त्याला रेघा हायत का न्हाई?"

"हायत की."

"का मारल्या?"

"जनावर घसरतंय. गाभण गाय पडली म्हंजी..." आप्पा मध्येच थांबले.

"हां. गाभण गाय पडू ने म्हणून तिथं रेघा. आन् पोटुशी बाई पडली तर चालतंय व्हय?"

लिंबाखाली कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांना मुद्दा पटला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण चारचौघांत मागे कसं यायचं? ते गवंड्याला एवढंच म्हणाले, "तू घोट."

वहिनीने माझ्याकडून मुलगी घेतली आणि उताराच्या काठावर बसली. "मी जरा बूड टेकते. हिला भूक लागलीय." पदर घेतला आणि पाजायला लागली. गवंडी दोन पावलं मागे गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला. तो दुसरं काय करणार? वहिनीने लिंबाकडे बघितलं. एकेक जण उठून आली आणि दोन्ही काठांवर बसली. काहींच्या बाळांना भूक होती, काहींना नव्हती, पण पदर सगळ्यांनी घेतले. मीही गेटपाशी उभी होते ती कधी जाऊन बसले, मला कळलं नाही.

"ताई, जरा सरकता का," गवंडी लिंबाकडे बघत म्हणायचा.

"आत्ताच घेतलंय रं दादा," कुणीतरी म्हणायचं.

शेवटी तपासणीला आलेली आप्पांची सून पुढे झाली. सातवा महिना. डोक्यावरचा पदर सारखा करत, सासऱ्याकडे न बघता, ती हळूच वहिनीशेजारी बसली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीला किक मारली आणि निघून गेले.

आम्ही दुपारपर्यंत तिथे बसलो. घोषणा दिल्या नाहीत, निवेदन दिलं नाही. फक्त गप्पा मारल्या. दात कधी येतात, बुंदीची पिल्लं कोण घेणार, कॅनडात मिठाचा काय भाव असेल. सिस्टर कंटाळून लशीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि काठावरच टोचायला लागल्या. माझ्या मुलीचा राहिलेला डोस तिथे, त्या उन्हात झाला. ती रडली, मीही रडले. वहिनी म्हणाली, "दोघींना बी ताप येईल आता." मग तिने बसल्या बसल्या सिमेंटवर अंगठा दाबून बघितला. हाताचा नव्हे, पायाचा.

"धरलं," ती म्हणाली.

तेव्हा आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उतारावरून दोनदा चढले-उतरले आणि म्हणाले, रेघा चांगल्या मारल्यात, कुणी सुचवलं? आप्पा म्हणाले, "ग्रामपंचायतीनं." हे मी वहिनीला तणतणत सांगितलं, तर ती गाईला आंबोण घालत म्हणाली, "म्हणू दे की. पाय तर टिकत्यात ना?" आता गवंडी कुठेही उतार करायला गेला, की आधी विचारतो, साधा करू का वहिनी-रेघेचा?

गेल्या वर्षी तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि ती माहेरी, वडगाव रासाईला राहायला गेली. मागे भाऊ नव्हता, जमीन तिलाच बघायची होती. टेम्पोत गाई चढवल्या, पेंडीच्या पोत्यांवर बुंदी बसली. टेम्पोत पाय ठेवण्याआधी हिने फळीवर अंगठा दोनदा घासला. मला रडू आवरेना. "लांब न्हाई गं टीचर," ती म्हणाली, "भीमेच्या काठाला तर हाय." पण लिंबाखाली ती नाही, हे खरंच आहे. तिच्यासारखं मला कुणी सांभाळलं नाही, आईनेसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या मुलीचा पहिला डोस होता. रात्रभर पाऊस झालेला, टाकी नेहमीसारखी गळत होती आणि उतारावरून पाण्याचा पाट वाहत होता. धाकटी खांद्यावर, थोरलीचा हात माझ्या हातात. थोरली वरच्या टोकाला उमटलेली बुंदीची चार पावलं मोजायला पुढे ओढत होती. मी तिच्यामागे भराभर चढून गेले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, की वाटेत एकदाही मी जमिनीला विचारलं नव्हतं.