उघडून ठेवलेलं मशीन

कल्पना करा, तुमच्यासमोर एक जुनं शिलाई मशीन आडवं पाडून ठेवलंय. टाका सुटतोय. त्याचं शटल, म्हणजे खालून दोरा उचलणारा तो चकचकीत गोल भाग, तुम्हाला सोडवून बाहेर काढायचं आहे. एवढंच असतं तर ठीक होतं. पण दिव्याच्या दांडीला फोन बांधलाय आणि हात चालवता चालवता तुम्हाला कुणा न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचंही आहे. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला हे त्याला कळलं पाहिजे. मध्येच तुमचाच पंजा फोनच्या आड आला, की सगळं मुसळ केरात.

माझे मामा हे सहज करायचे. जिन्याखालचं दुकान, एका हाताशी तेलाची बुधली, दुसऱ्या हाताशी रेडिओ. रेडिओ बंद असला की त्यांचे हात चालत नसत. मामी म्हणायची, "मशीनला तेल लागतं, यांना गाणं."

त्यांचे व्हिडिओ बघणारे बरेच होते, पण मामांच्या तोंडी सतत एकाच बाईंचा विषय. निळ्या मशीनवाल्या ताई. चेहऱ्याच्या जागी त्यांनी आपल्या निळ्या मशीनचा फोटो लावला होता. कुठल्या गावच्या, कुणाला ठाऊक. शाळेचे गणवेश शिवायच्या. टाके सुटतात, केलेलं काम पुन्हा उसवावं लागतं, असं त्यांनी लिहिलं आणि मामांनी खास त्यांच्यासाठी व्हिडिओ केला. मामांची पद्धत ठरलेली. आज शटल सोडवायचं, रात्रभर तेलात बुडवून ठेवायचं, उद्या बसवायचं. घाई करणाऱ्यावर ते डाफरायचे. म्हणून व्हिडिओही दोन भागांत. पहिल्याच्या शेवटी ते म्हणाले, "ताई, आज आता हात लावू नका. बसवायचं कसं ते उद्या दाखवतो."

खाली ताईंनी लिहिलं, "उघडलं. घाबरत घाबरत. उद्याची वाट बघते."

दुसऱ्या दिवशी ॲपवाल्यांनी मामांचं चॅनेलच बंद केलं होतं. व्हिडिओत मागे रेडिओवर वाजणारी गाणी दुसऱ्या कुणाच्या मालकीची होती. त्याचे इशारे आधी येऊन गेले होते, पण मामांनी ते जाहिराती समजून बोटाने बाजूला सारले होते. व्हिडिओ गेले, त्यांच्याखालचं लिखाण गेलं, ताईही गेल्या.

"तू एवढं संगणकाचं शिकलीस," मामा मला म्हणाले, "मला दुसरं दुकान थाटून दे."

मी थाटून दिलं. व्हिडिओ दाखवायची अशी प्रणाली फुकट मिळते. तिचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही घ्यावी आणि आपल्याच संगणकावर चालवावी. मी ती घरातल्या जुन्या संगणकावर बसवली. "इथे कुणी मालक नाही, मामा. तुम्हाला कुणी हाकलणार नाही."

"मालक नाही तसं गिऱ्हाईकही नाही," थोड्याच दिवसांत मामी म्हणाली.

दुसरा भाग मामांनी रेडिओ बंद ठेवून केला. हात अडखळतात, ते त्यात दिसतं. मग त्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे स्टिकर छापून ते दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर चिकटवायला लागले. लोक तो पत्ता टाकायचे खरे, पण नेहमीच्या ॲपमध्ये, जिथे व्हिडिओ शोधतात तिथे. मग समोर येतील ते भलत्यांचेच व्हिडिओ बघत बसायचे. फक्त शेजारचा शिंपी चिकाटीने पोचला.

"बघितलं, मामा. चाक काय छान फिरत होतं!"

"मशीनचं?"

"छे हो, व्हिडिओचं! गोल गोल गोल, सुरू व्हायचं नावच नाही. बरं, दोन शब्द लिहायला गेलो तर म्हणे आधी खातं उघडा. आता आणखी एक पासवर्ड कुठे ठेवू, टोपीत?"

मामा हसले नाहीत. मी समजवायला बसले. लोक व्हिडिओ शोधत जात नाहीत, व्हिडिओच त्यांच्या पुढ्यात येतात. मोठ्या ॲपवर एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. आपला संपला की काळी चौकट. तीनचार जणांनी एकदम बघितलं तर आपला संगणक धापा टाकतो.

"म्हणजे माल चोख आहे, पण दुकानावरून रस्ताच जात नाही."

"हो."

"मग ताई येतील कुठून?"

मी माझ्या खात्यावरून मोठ्या ॲपवर शिलाईच्या व्हिडिओंखाली ताईंसाठी निरोप लिहिले. बाहेरचा पत्ता दिसला की निरोप गायब व्हायचा. पत्त्याशिवाय लिहिला तर गर्दीत बुडून जायचा.

एका दुपारी मामांचा फोन. "अगं, दुसरा भाग कुणीतरी बघितला! मी नाही, मामी नाही, शिंपीही नाही. ताईच असणार!"

मी नोंदी तपासल्या. "माणूस नव्हतं, मामा. इंटरनेटवर पानं चाळत फिरणारी यंत्रं असतात, त्यातलं एक होतं."

 मग त्यांनी विचारलं, "पूर्ण बघितलं का त्यानं?"

मामा आता व्हिडिओ करत नाहीत. रेडिओवर कापड टाकलेलं असतं. पण मला तो संगणक बंद करू देत नाहीत. कुणी मशीनचे सुटे भाग पिशवीत घालून दुकानात आलं, की काय बिघडलंय ते नंतर, आधी मशीनचा रंग विचारतात. परवा मी डबा घेऊन गेले तर ते तेलाच्या वाटीतलं कुणाचं तरी शटल पुसत होते.

"काय गं," मान वर न करता ते म्हणाले, "त्या ताईंचं शटल कुणी बसवून दिलं असेल का? की अजून तेलातच आहे?"