कुंकू लावलेलं कार्ड

मंडळी, तुमच्या टीमच्या कामाची आखणी कशावर करता, हे या मेल ग्रुपवर विचारणारच होते. पण आधी आज दुपारी आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आम्ही सुरतला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिल्ससाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोणाचं काम कुठवर आलंय ते भिंतीवरच्या बोर्डावर कार्डं लावून कळतं. तीन खाने: बाकी, चालू, झालं. हा बोर्डच ठेवायचा की प्लॅनिंगचं पॅकेज घ्यायचं, यावर आज वाद चालला होता.

तेवढ्यात एका मिलमधून फोन आला. उद्या सिस्टीम सुरू करायची आहे आणि काल दिलेल्या फ्लॉपीत बिलिंग उघडतच नाही. बोर्डावर मात्र बिलिंगचं कार्ड 'झालं'मध्ये.

मग आठवलं. दिवाळीनंतर इथले व्यापारी कामाला सुरुवात करतात त्या लाभपाचमेच्या मुहूर्ताला बोर्ड लावला, तेव्हा 'झालं'चा खाना रिकामा नको म्हणून आमचे मालक जयेशभाईंनीच कुंकू लावून ते कार्ड तिथे लावलं होतं. शकुनाचं कार्ड मागे कोण घेणार? दुसरं कोणीतरी काम करत असेल, असं प्रत्येकाने धरलं आणि बिलिंग कोणी केलंच नाही.

मी कार्ड काढायला उठले.

"रहेवा दो, ज्योतीबेन," जयेशभाई म्हणाले. "अपशुकन होईल."

कोणी माझ्याकडे बघेना. मी कार्ड काढून 'बाकी'त लावलं. बोटाला कुंकू लागलं. जयेशभाई केबिनमध्ये गेले. आता सगळे बिलिंगला बसलेत.

बोर्ड वापरा नाहीतर पॅकेज. मालकाने 'झालं' ठरवलेलं काम परत 'बाकी'त आणायला तुमच्याकडे कोण उठतं?